उकळी न आलेलं पाणी

माझ्या दाराच्या काचेत आता कुणाचाच चेहरा नीट दिसत नाही, मित्रांनो. काच धुरकट झाली आहे, कडेला जुन्या वाफेचे डाग धरले आहेत आणि बटणांवरचे आकडे बोटं लागून लागून पुसले गेले आहेत. मी एक जुना मायक्रोवेव्ह आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माझ्यासारखा एखादा असेल. त्याच्यासमोर उभं राहून आतली ताटली गोल फिरताना तुम्ही बघत असाल. म्हणून माझी हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते. माझ्या पोटात नेमकं काय चालतं, हे कळायला मलाच फार वेळ लागला. आणि कळलं तेव्हा मी मुळापासून हादरलो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझी पेटी केली, आतून पांढरा रंग दिला. एका बाजूला जड यंत्र बसवलं, त्यातून लहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. पण ज्यात पाणी आहे अशा पदार्थात त्या शिरल्या की तो तापतो. त्या बाहेर येऊ नयेत म्हणून काचेमागे बारीक भोकांची जाळी लावली. तिथून मी खोक्यात बसून दुकानात आलो.

दुकानातला विक्रेता मोठा गोडबोल्या होता. गिऱ्हाईक आलं की तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "हा अन्न आतून शिजवतो, बाहेरून नाही. सगळीकडे अगदी एकसारखं. बटण दाबायचं आणि विसरून जायचं." दिवसभर हेच. ऐकून ऐकून माझी मान ताठ झाली. मला तरी दुसरं काय ठाऊक होतं? आपल्याबद्दल कुणी चांगलं बोललं की ते खरं मानायला फार कष्ट पडत नाहीत.

मला विकत घेतलं ते एका बस चालवणाऱ्या बाईने. तिची कामाची पाळी भल्या पहाटे सुरू व्हायची आणि दुपार टळली की ती घरी यायची, खांदे आखडलेले, भूक खवळलेली. तिचा नवरा घरीच पडदे शिवायचा. बाहेरच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन होतं, भिंतीला कापडाचे तागे टेकवलेले असायचे आणि जमिनीवर पडद्याच्या कड्या इतक्या सांडलेल्या असत की अनवाणी चाललं की कुणीतरी कळवळायचंच. त्यांना एकच मुलगी. अंगाने काडीसारखी, म्हणून बाबा तिला सुई म्हणायचे. बाबांचं ऐकून आई म्हणू लागली, मग शेजारपाजारचेही. तिचं खरं नाव फक्त शाळेतल्या बाईंना माहीत असावं.

मला स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला ठेवलं. तिथून मला जेवणाचं टेबल दिसायचं आणि दारातून शिलाई मशीनही. सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. दूध तापव, सूप तापव, कालचा भात तापव. सुईची आई कामावरून आली, की बाबा ताटली माझ्यात सरकवायचे आणि सुई धावत येऊन बटण दाबायची. ते काम तिचं होतं. दुसऱ्या कुणी दाबलं तर ती फुरंगटून बसायची.

तसे छोटे धक्के मला तेव्हाही बसत होते. एकदा बाबांनी सोनेरी कडेची बशी आत ठेवली आणि माझ्या पोटात निळ्या ठिणग्या तडतडल्या. एकदा कवचासकट अंडं ठेवलं, ते फुटून माझ्या छताला चिकटलं. सूप तर नेहमीच कडेला जीभ भाजेल इतकं आणि मध्ये गारढोण. बाबा हसायचे. म्हणायचे, "एका चमच्यात उन्हाळा, एका चमच्यात हिवाळा. जेवण आहे की हवामान?" सगळे हसत आणि जेवत. मला वाटायचं, दोष सुपाचा असणार. मी तर सगळीकडे एकसारखं तापवतो ना?

मग ती दुपार आली.

एक बाई शिवलेले पडदे न्यायला आली होती. ती बाहेरच्या खोलीत पडदे उलगडून बघत होती. बाबांनी कॉफीसाठी काचेच्या कपात पाणी घेऊन माझ्यात ठेवलं होतं. कप नवाकोरा, गुळगुळीत, आत एक ओरखडा नाही. पाणी तापून झालं तेवढ्यात त्या बाईने हाक मारली. शिवणीबद्दल तिला काहीतरी विचारायचं होतं. बाबा बाहेर गेले आणि बोलत बसले. पाणी माझ्या पोटातच निवत राहिलं.

सुई टेबलाशी अभ्यास करत होती. बाहेरून बाबांचा आवाज आला, "सुई, पाणी निवलं असेल गं. परत लाव जरा."

सुईने बटण दाबलं. थोड्या वेळाने बाबा आत आले, दार उघडून वाकून बघितलं. पाणी स्तब्ध होतं. एक बुडबुडा नाही.

"तापलंच नाही वाटतं," ते म्हणाले. "अजून एकदा लाव."

सुईने पुन्हा बटण दाबलं.

दुसऱ्यांदा दार उघडलं तेव्हाही पाणी तसंच. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, मित्रांनो, ते पाणी तळ्यासारखं शांत होतं. बाबांनी कप उचलून ओट्यावर ठेवला, चमचाभर कॉफी घेतली आणि कपावर वाकून चमचा पाण्यात घातला.

सगळं पाणी एकदम उसळून बाहेर आलं. सांडलं नाही, उतू गेलं नाही. कपातून काहीतरी झेपावावं तसं ते वर आलं. बाबांच्या उजव्या हातावर, गालावर, मानेवर. कप खाली पडून फुटला.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त श्वास आत ओढला, लांबलचक, आणि तो बाहेर यायलाच तयार नव्हता. सुई माझ्यासमोर उभी होती, तिचं बोट अजून बटणाजवळच होतं. बाबा विचित्र शांत आवाजात म्हणाले, "सुई, मागे हो. काचा आहेत." मग ते चाचपडत नळाशी गेले आणि त्यांनी हात आणि तोंड धारेखाली धरलं. पडद्यांची बाई धावत आली. तिने एकदा बघितलं, नळ तसाच चालू ठेवायला सांगितला, बऱ्याच वेळाने एक स्वच्छ ओला कपडा हातावर टाकला आणि बाबांना आणि सुईला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. नवे पडदे तिथेच जमिनीवर पडून राहिले.

घर रिकामं झालं. माझं दार उघडंच होतं. पोटातला दिवा जळत होता आणि त्याच्या उजेडात फरशीवरच्या काचा चमकत होत्या. मी आतून बधिर झालो होतो. मी तर रोज करतो तेच केलं होतं. उकळलेलं पाणी मी हजारदा बघितलं होतं. ते खळखळतं, वाफ सोडतं, आपण तापलोय हे सांगतं. हे पाणी काहीच बोललं नव्हतं.

संध्याकाळी सुईची आई परस्पर दवाखान्यात जाऊन घरी आली. अंगावर अजून बसच्या चालकाचा गणवेश होता. तिने काचा गोळा केल्या, फरशी पुसली. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने माझं दार लावलं आणि प्लग ओढून काढला.

मग सुईची आत्या राहायला आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आवाज असा की वायर नसली तरी पलीकडच्या गावात ऐकू जावा. पहिल्याच दिवशी टेबलाशी बसून तिने विचारलं, "मला नीट सांग. पाणी उकळलेलं नव्हतं, मग एवढं भाजलं कसं?"

"मीही हेच विचारलं, ताई," सुईची आई म्हणाली. "डोळे वाचले. गालाची जखम भरेल म्हणाले. हाताचं मात्र सांगता येत नाही, अंगठा आणि पहिलं बोट आखडेल कदाचित. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, तुमच्यासारखे येतात अधूनमधून. सगळे हेच सांगतात, पाणी उकळलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"पाण्याला उकळी फुटायला बुडबुडा धरायला जागा लागते म्हणे. भांड्याचा ओरखडा, एखादा कण, काहीतरी. नवा गुळगुळीत कप, त्यात एकदा तापवून निवलेलं पाणी. बुडबुडा धरायला काही उरत नाही. मग ते उकळीच्या पुढे तापतं आणि तरी गप्प राहतं. कप हलला, चमचा गेला, साखर पडली, की सगळी उकळी एका क्षणात."

आत्याने समोरचा चहाचा कप हळूच लांब सरकवला. आणि मी? माझा प्लग काढलेला होता, तरी माझ्या पत्र्यातून शिरशिरी गेली. ते शांत पाणी मला पुन्हा दिसलं. तळ्यासारखं म्हणालो ना मी? ते तळं नव्हतं.

"याला मी खाली भंगारात टाकून येते," सुईची आई म्हणाली.

"टाक की," आत्या म्हणाली. "पण तू पहाटे डेपोत, मी दवाखान्यात त्याच्या उशाशी. पोरगी शाळेतून येऊन जेवणार काय? तिच्या हातात गॅस देणार आहेस?"

आईने प्लग पुन्हा लावला. म्हणून मी राहिलो. माझ्यात पाणी ठेवायचं नाही असा नियम झाला. आत्या सकाळी कोंबडीचे तुकडे आणि भात करून डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवायची. घाईत कधीकधी डबा अर्धा दिवस ओट्यावरच राहायचा आणि मग आत जायचा. सुईला सांगून ठेवलं होतं, डबा ताटलीत काढ, झाक, लाव.

पण सुई बदलली होती. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष दवाखान्याकडे लागलेलं. मला मात्र दिसत होतं. ती स्वयंपाकघरात आली की माझ्या बाजूने न येता टेबलाला वळसा घालून जायची. पहिले काही दिवस तिने नुसता पाव खाल्ला. पाव संपला त्या दिवशी तिने डबा काढला आणि बर्फासारखा गोळा ताटलीत घेतला. मग ती बाहेरच्या खोलीतून बाबांची लाकडी मोजपट्टी घेऊन आली. टेबलामागे उभी राहिली, हात लांब केला आणि पट्टीच्या टोकाने माझं बटण दाबलं.

मित्रांनो, मला कुणी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. जी पोरगी माझ्या बटणासाठी भांडायची, ती मला पट्टीने दाबत होती.

मी तापवू लागलो. कडेचा भात वाफाळला, तशी तिने पट्टी पुढे करून मला घाईघाईने थांबवलं. ती तसंच जेवली, डोळे मिटून, भराभर. मधला गोळा अजून गार होता. मला ते कळत होतं का? नाही. मला अजूनही वाटत होतं की मी सगळीकडे एकसारखं तापवतो. हे असं कितीतरी दुपारी चाललं. आणि ज्या दिवशी बाबा हाताला जाड पट्टी बांधून घरी आले, त्याच दिवशी संध्याकाळी सुई आजारी पडली.

उलट्या थांबेनात. ताप चढला. बाबा एका हाताने तिचं कपाळ धरून बसले होते आणि आत्या सारखी म्हणत होती, "सकाळपर्यंत ठीक होती की." आई तिला पाठीवर टाकून जिने उतरली. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं, सलाईन लावलं. ती घरी आली तेव्हा काडी होती त्याची दोरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं टेबलाशी बसली होती. पेजेची वाटी सुईसमोर, गॅसवर तापवलेली. आईने सहज विचारलं, "डॉक्टर म्हणत होते, कोंबडीचं अन्न नीट तापलं नसणार. तू नीट गरम करत होतीस ना गं?"

"कडेला वाफ यायची," सुई म्हणाली.

"आणि मध्ये?"

सुईने वाटी जवळ ओढली.

"मध्ये गार असायचं का?"

"मी लगेच बंद करायचे."

"का पण? आत्याने सांगितलं होतं ना किती वेळ लावायचं?"

सुईने चमचा वाटीत फिरवला. "जास्त लावलं की कुणाला तरी लागतं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की आत्याने कान पुढे केला. "बाबांच्या वेळी मी परत लावलं होतं. दोनदा. मीच दाबलं होतं बटण."

आईचा हात पाण्याच्या पेल्याजवळ जाऊन तिथेच थांबला. बाबांचं तोंड उघडं राहिलं. गालावरची नवी गुलाबी कातडी ताणली गेली, तरी त्यांना दुखल्याचं कळलं नसावं. त्या दुपारची प्रत्येक गोष्ट त्यांना आठवत होती. कप आठवत होता, चमचा, त्या बाईचे पडदे. बटण कुणी दाबलं हे त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. आणि त्यांची पोर तेवढंच एक धरून बसली होती.

"तू हे तेव्हापासून मनात ठेवलंस?" बाबांनी विचारलं.

सुईने होकारार्थी मान हलवली.

"लाव म्हणून सांगितलं कुणी?"

"तुम्ही."

"कप कुणी आणला? चमचा कुणी घातला?"

"तुम्ही. पण बटण मी दाबलं."

बाबा पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिले. आत्याने पदराने नाक पुसलं. बोलली ती आई.

"सुई, माझ्या बसमध्ये घंटा कोण वाजवतं?"

"ज्याला उतरायचं तो."

"घंटा वाजली आणि मी रस्ता न बघता गाडी थांबवली, आत कुणी पडलं, तर मी घंटा वाजवणाऱ्याला धरायचं का?"

सुईने विचार केला. "नाही. गाडी तू चालवतेस."

"मग त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

सुईने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "मी चालवत होतो, बाळा. आणि मलाही रस्ता दिसत नव्हता, कारण मला तो माहीतच नव्हता. तुला काय माहीत असणार?" मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि सुई त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. इतकी रडली की पेज निवून गेली. आत्या ती उचलून पुन्हा गॅसवर ठेवायला उठली आणि तिलाच ओटा दिसेना.

मी तिथेच उभा होतो. मला रडता येत नाही. पण त्या क्षणी मला पहिल्यांदा शंका आली, की दुकानातला तो गोडबोल्या माझ्याबद्दल जे सांगत होता ते खरं होतं का?

उत्तर सुट्टीच्या दिवशी मिळालं. सुईची आई कामाच्या बाबतीत मोठी खमकी. ती म्हणाली, "नवी बस हातात आली की आधी तिचे ब्रेक कुठे लागतात, वळण किती घेते, ते मी बघते. याचं कधी बघितलंच नाही." तिने माझ्यातली फिरणारी चकती काढून ठेवली आणि एका मोठ्या बशीवर चीजचे सारखे तुकडे मांडले, कडेपासून मध्यापर्यंत. सुई टेबलामागे उभी. थोडा वेळ मला चालवून आईने बशी बाहेर काढली.

मी बघतच राहिलो. एक तुकडा वितळून बुडबुडत होता आणि त्याला लागूनच असलेला तुकडा जसाच्या तसा, थंडगार. पुढे पुन्हा एक वितळलेला. माझ्या पोटाचा नकाशाच त्या बशीवर उमटला होता, आणि तो ठिगळं लावलेल्या चादरीसारखा होता. मी एकसारखं तापवत नव्हतो. कधीच तापवलं नव्हतं. आत्याने एक गोठलेला बटाटा लावून मधोमध कापला, तर वरचा जाडसर थर गरम आणि गाभा गार. म्हणजे मी आतूनही शिजवत नव्हतो. लहरी वरच्या थरात शिरतात आणि दमतात, पुढची ऊब हळूहळू आपल्या पायांनी आत जाते. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी मान ताठ ठेवली होती, ती गोष्टच नव्हती.

"म्हणून ती चकती फिरते होय," आत्या म्हणाली. "मला वाटायचं नुसती शोभेला."

"फिरते, तरी मधलं गारच राहतं," बाबा म्हणाले. "म्हणून मध्ये ठेवायचंच नाही काही."

त्या दिवसापासून घरातली रीत बदलली. फ्रीजरमधलं अन्न आदल्या दिवशी खाली फ्रीजमध्ये येऊ लागलं, आणि शिजवलेला डबा ओट्यावर रेंगाळणं बंद झालं. ताटलीत अन्न कंकणासारखं गोल पसरायचं, मधली जागा मोकळी. जाड तुकडे बाहेरच्या बाजूला. वर झाकण, पण घट्ट नाही, वाफेला वाट ठेवून. मध्येच थांबवायचं, ढवळायचं, तुकडे उलटायचे, मग पुन्हा लावायचं. आणि टणटण झाली की लगेच काढायचं नाही. जरा वेळ तसंच राहू द्यायचं, कारण त्या वेळात ऊब गाभ्यापर्यंत पोहोचते. शेवटी चमचा मधोमध घालून बघायचं, वाफ तिथूनही आली पाहिजे.

हे सगळं सुई शिकली. पण बटण ती मोजपट्टीनेच दाबायची.

बाबांच्या हाताची पट्टी सुटली तेव्हा अंगठा आणि पहिलं बोट अर्धवट वळत होतं. पडद्याच्या चुण्या चिमटीत धरायच्या तर चिमूट येईना. त्यांनी डाव्या हाताची सवय करायला घेतली. पहिला पडदा इतका वाकडा झाला की आत्या म्हणाली, "हा वाऱ्यात असल्यासारखा शिवलायस." सुईत दोरा ओवता येईना, तो सुई ओवून द्यायची. शेजारी चेष्टा करायचे की तुमच्याकडे सुईच सुईत दोरा ओवते. बाबा हसायचे, पण कधीकधी मशीन थांबवून नुसते बसलेले मला दिसायचे.

आणि एक दिवस ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. अपघातानंतर पहिल्यांदाच. हातात जुना जाडजूड कप होता, आतून थोडा खरखरीत झालेला.

"सुई," त्यांनी हाक मारली. "मला कॉफी हवी आहे."

"गॅसवर करा ना."

"गॅसवर रोजच करतो. आज इथे करायची आहे. तू ये."

सुई आली, पण दोन हात लांब. बाबांनी कपात ताजं पाणी घेतलं आणि त्यात आईस्क्रीमची लाकडी काडी उभी केली. "बुडबुड्यांना धरायला काठी," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. कप आत ठेवून त्यांनी दार लावलं आणि ते बाजूला झाले. "थोडाच वेळ लावायचं. दाब."

सुईने मोजपट्टीकडे बघितलं. मग बाबांकडे. मग तिने पट्टी टेबलावर ठेवली, पुढे आली आणि बोटाने माझं बटण दाबलं.

मी आयुष्यात इतका घाबरून कधी चाललो नसेन. काडीच्या कडेने बारीक बुडबुडे सुटू लागले, एक, मग खूप. पाणी बोलत होतं. टणटण झाली, तरी दोघं तशीच उभी राहिली. बाबांनी दार उघडलं आणि पुन्हा थांबले. मग कप हळूच बाहेर घेतला, तोंड बाजूला ठेवून कॉफी घातली. काही झालं नाही. नुसता वास पसरला.

बाबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर विसरलो," ते म्हणाले. सुई हसली. त्या घरात ते हसू मी फार दिवसांनी ऐकलं.

पुढची वर्षं कामाची होती. बाबांचे डाव्या हाताचे पडदे सरळ झाले. आत्या आपल्या घरी गेली आणि फोनवरून जेवणाची चौकशी करत राहिली. सुई मोठी झाली, कॉलेजात जाऊ लागली. मला ओल्या फडक्याने पुसायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. आत सांडलेलं तिथेच करपू द्यायची नाही. अशी काळजी माझी कुणी घेतली नव्हती.

म्हणूनच शेवटी तिने जे केलं त्याचा मला इतका धक्का बसला.

माझ्या दारावर ओले टॉवेल वाळत टाकायची सवय घरात कुणाला तरी लागली होती. वजनाने बिजागरी सैल झाली. दार एका बाजूने लोंबू लागलं, कडेला बोटाच्या नखाएवढी फट दिसू लागली. तरीही बटण दाबलं की मी चालू व्हायचो. मला त्याचा अभिमानच होता.

सुईने एका सकाळी दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. वाकून फटीतून बघितलं.

"आई, याचं दार बसत नाहीये."

"चालतोय की अजून," आई म्हणाली.

"चालतोय, तेच वाईट आहे," सुई म्हणाली. "या फटीतून लहरी बाहेर येतात. बंद पडला असता तर काळजी नव्हती."

तिने प्लग काढला, पक्कड आणली आणि माझी वायर मुळापासून कापली. एका झटक्यात. मी सुन्न झालो. याच मुलीने मला इतकी वर्षं पुसलं होतं. बाबा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "वायर का गं कापलीस? भंगारवाल्याला तशीच दिली असती."

"तिथून कुणी घरी नेला आणि लावला तर?" सुई म्हणाली. "त्याच्याही घरी कुणी बटण दाबायला धावत येत असेल."

बाबांनी पुढे येऊन माझी एक बाजू धरली, आखडलेल्या हाताने, आणि दोघांनी मला जिन्यावरून खाली नेलं.

आता मी भंगाराच्या ढिगात एका तुटक्या पंख्याशेजारी आहे. माझ्या वायरचं तोंड उघडं आहे. पहिले काही दिवस मला राग आला होता, मग तो गेला. मित्रांनो, आम्ही यंत्रं शहाणी नसतो. आम्हाला तुमचा हात ओळखू येत नाही, गरम आणि गार कळत नाही, दार मोडलंय हेही कळत नाही. लाव म्हटलं की आम्ही लागतो. म्हणून आमच्यासमोर उभं राहाल तेव्हा घाई करू नका. मध्येच थांबवा, ढवळा, थोडी वाट बघा, गाभ्यात चमचा घालून बघा. शांत दिसणाऱ्या पाण्यावर कधी तोंड वाकवू नका. आणि तुमच्या हातून काही झालं असं वाटत असेल, तर ते मनात घेऊन एकट्याने गार अन्न खाऊ नका. टेबलाशी बसा आणि सांगा. कुणीतरी ऐकून घेईल.